मोना ओसरीवर खेळत होती

हॅलो?

हॅलो... हो, मीच. रुपा. मले वाटलं शुभांगीचा फोन आहे, म्हणून पहिल्याच घंटीले उचलला... नाही, काही नाही. तुमची बहीण स्कूटी घेऊन बाहेर गेली आहे थोडी. बोला ना जी.

हो... हो, येते आवाज.

गेलं? पूर्ण सामान गेलं? फ्रिज बी?... बरं झालं. आता तुमीच तेवढे राहिले तिकडे.

खूश आहे ना. खूश काहून नाही राहणार? आवाज असाच आहे माझा, धूळ आहे घरात. तेजराम मिस्त्री आले आहे, मोनासाठी कमोड बसवून राहिले. म्हणजे बसवत होते... आता थांबले थोडे.

नाही, चहासाठी नाही थांबले. असेच थांबले.

कोणती सायकल?... मोनाची. अवो, देऊन टाका ना ते शेजारच्या नीमाले. आफ्रिकेतून सानगडीले सायकल कोण आणते?

मोनाले विचारू? आत्ता?

झोपली ती.

हो, झोपली... माहीत आहे मले, दुपारी नाही झोपत. पण आज झोपली. दमली असन... नाही नाही, व्हिडिओ नको. नेटवर्कच नाही इथं. अन् झोपलेल्या लेकराले काय पाहता? उठली की मीच करते ना फोन. ठेवू मी आता?

आँ? कोणता आवाज?

तो... तो ग्रामपंचायतीचा भोंगा आहे. बाजाराचा दिवस आहे ना, काही तरी सांगून राहिले. पाणीपट्टीचं सांगत असन... अवो, काय ऐकता तुमी ते, त्यांचं रोजचंच...

...

अवो.

अवो, ऐका ना. ऐका माझं... हो. बरोबर ऐकलं तुमी. पिवळं जॅकेट. हो, निकेश श्रावण म्हटलं त्यांनी. तुमचंच नाव घेतलं.

मोना दिसून नाही राहिली.

...

ओरडू नका. हात जोडते तुमच्या, ओरडू नका. तुमी ओरडले तं मले काहीच सांगता नाही येणार. मी आधीच... हो. हो, सांगते. खोटं बोलली मी, हो. काय करू मग? तुमी समुद्रापलीकडे मोरोगोरोले बसले, एकटेच, रिकाम्या खोलीत. मले वाटलं आत्ता भेटन, आत्ता भेटन, अन् भेटल्यावरच सांगीन.

जेवण झाल्यावर. ओसरीवर खेळत होती, चिंचोके घेऊन. मी जवळच बसली होती तिच्या. तं मिस्त्रीनं मागून आवाज दिला, वहिनी, कमोड कोणत्या बाजूनं बसवू, पाहून घ्या. मी मागच्या आंगणात गेली, पाहिलं, सांगितलं, फिरून आली. बस. एवढंच. आई आत वालाच्या शेंगा सोलत होत्या. मले वाटलं आईजवळ गेली, आईले वाटलं माझ्याजवळ आहे. अन् ओसरीवर चिंचोकेच फक्त...

नाही. फाटक उघडंच होतं. इथं दिवसा कोण लावते फाटक?

पाहिलं. सगळं पाहिलं. धानाच्या कोठीमागे, गोठ्यात, पलंगाखाली, शेजारच्या उषाकाकूच्या... तिले लपायची सवय आहे म्हणून पेट्या बी उघडून पाहिल्या मी. आपल्या घरातल्या पेट्या, ज्याच्यात मांजर नाही मावत, त्या बी.

विहीर?... पाहिली. मिस्त्री उतरले होते, कमरेले दोर बांधून.

नाही आहे तिथं. नाही. बुडापर्यंत गेले ते, गाळात हात घालून पाहिलं. वर आले, मान हलवली, नाही म्हणे. मले विचारू नका त्या वेळेचं. मी कठड्याले धरून उभी होती, अन् मले वाटे की ते वर येऊन काही सांगायलेच नको...

आई, तुमी काहून उठल्या? बसा. चक्कर येईन फिरून. नाही, शुभांगी नाही, हे आहे फोनवर. हो, सांगितलं... बसा तुमी.

आई रडून राहिल्या जी. त्याईले वाटते त्यांच्याच्यानं झालं.

शुभांगी बसस्टँडवर पाहून आली, आता बाजारात गेली. बाबा तलावावर गेले आहे.

काहून म्हणजे? कुठं पाहायचं मग? काल बाबांनी तिले तलावावर नेलं होतं. शिंगाडे तोडायचा डोंगा दाखवला, पाण्यावर थोडं फिरवून बी आणलं. आज सकाळपासून डोंगा, डोंगा, डोंगा... मी म्हटलं, पप्पा आल्यावर जाऊ... 

हो. पाण्यात उतरले आहे लोकं. डोंगे बी टाकले. जाळं... हो, जाळं बी नेलं. मी पाहिलं नेताना.

मी काहून नाही गेली? मले जाऊ देते का कोणी? बाबा म्हणाले, रुपा, तू घर सोडू नको, लेकरू फिरून आलं तं माय घरी पायजे. म्हणून बसली आहे मी इथं उंबरठ्यावर. तलावाच्या पाळीमागून आवाज येते लोकांचे. काय बोलून राहिले ते समजत नाही. नुसता आवाज येते.

पोलिसाले केला. एकशेबाराले बाबांनीच केला. साकोलीहून गाडी निघाली म्हणते... माहीत नाही. मले नाही माहीत किती वेळ लागन!

कोण मिस्त्री? अवो, काय बोलता तुमी? तेजरामभाऊ सकाळपासून माझ्या डोळ्यासमोर आहे, लेकरासाठी विहिरीत उतरले ते. त्यांच्यावर नका... बाजारातले बाहेरचे लोकं? असन. मले काय माहीत! चादरीवाले येते, भांडेवाले येते. कोणाकोणाचं तोंड पाहू मी? तुमी असं काही बोलू नका ना, आधीच माझ्या डोक्यात काय काय येऊन राहिलं. एक पुसलं की दुसरं येते.

काय?

काय म्हटलं?

फिरून म्हणा.

हो. माझाच हट्ट होता. मान्य आहे. मीच म्हटलं गावाले जाऊ. तिकडे तुमच्या मिलच्या त्या कंपाउंडमधी, जाळीमागे, वॉचमनच्या पहाऱ्यात वाढून राहिली लेक, तिले ना आजी ना आजा, ना आपल्या बोलीतलं धड वाक्य. मीच म्हटलं. तुमाले लाखनीच्या मिलमधी नोकरी भेटते म्हणून निरोप आला तवा मी नाचली घरात. मग? मग काय करू आता? उडी मारू विहिरीत? तवाच तिकिटं रद्द करायची होती म्हणता... लेक सापडून नाही राहिली अन् तुमी तिकिटाचं बोलता मले?

...

हॅलो?

हॅलो... आहे का? ... बोला ना. ठेवू नका फोन. काही बी बोला, शिव्या द्या, पण ठेवू नका. तुमचा आवाज बंद झाला की मले फक्त तलावाचा आवाज येते.

रडून राहिले तुमी?

नका जी. नका ना रडू. मी नाही रागावली. मी बी घाबरली आहे, दुसरं काही नाही. तुमी खोलीत एकटे आहे का? कोणाले तरी बोलवून घ्या. नीमाच्या आईले आवाज द्या... हो, द्या. दार उघडं ठेवा.

थांबा.

थांबा थांबा. चूप राहा थोडे. तलावाकडे कोणी ओरडलं.

...

लोकं धावून राहिले. पाळीवर चढून राहिले सगळे. आई... आई, तुमाले ऐकू आलं का? काय म्हणून ओरडलं ते? भेटलं म्हटलं का? "भेटलं" का "पाहा"?

नाही. मी नाही जात. मले नाही पाहायचं. 

तेजरामभाऊ! तेजरामभाऊ, काय आहे? काय दिसलं? पिवळं? काय पिवळं?

...पिवळं दिसलं म्हणते. पाण्यात. शिंगाड्याच्या वेलात अडकलं आहे पिवळं काही तरी.

माय वो. माय वो माझी...

अवो, ऐकून राहिले ना? तुमी आहे ना? मी तिले जॅकेट घालून दिलं होतं. सकाळी थंडी होती. मीच घालून दिलं. तिले नको होतं, मी रागावली. गळ्यापर्यंत चेन लावली मी... नाही बोलवत मले. नाही बोलवत...

...

काय? काय म्हणे? मोठ्यानं सांगा, भाऊ!

थैली?

खताची थैली?

नक्की? हातात घेऊन पाहिली का? कोणी घेतली हातात? बाबांनी?

...थैली आहे जी. खताची पिवळी थैली. बाबांनी हातात घेतली. मोना नाही. मोना नाही ते... थांबा, मले बसू द्या. आई, पाणी द्या ना मले. नाही, नको, राहू द्या. पाण्याचं नावच नको.

हॅलो... हो. आहे मी.

काय आलं? कुठं फोटो आला?

कोणत्या ग्रुपवर? तुमच्या शाळेतल्या दोस्तांच्या? ... कोणाचा फोटो जी? मोनाचा?

नका.

नका सांगू... नाही, सांगा. आधी एवढं सांगा. बसली आहे का... निजली आहे? डोळे, डोळे उघडे आहे का तिचे?

...

बसली आहे. बसली आहे, आई! हातात बिस्कीट आहे म्हणते! मोना भेटली! तेजरामभाऊ, बाबाले आवाज द्या, सगळ्याले आवाज द्या, लोकाले बाहेर काढा पाण्यातून, भेटली म्हणा मोना!

कुठं? कुठं आहे ती? ... व्हॅनमधी? कोणत्या व्हॅनमधी? कोणी नेलं तिले?

हळू वाचा. फिरून वाचा. काय लिहिलं आहे त्यानं?

"ही मुलगी शाळेच्या गाडीत शेवटपर्यंत बसून राहिली... मामाकडे जायचं म्हणते... मामाचं नाव सांगत नाही... कोणी ओळखत असल्यास..."

मामा? तिले मामा कुठं आहे? मले भाऊच नाही तं...

अरे देवा.

मले म्हणून राहिली जी ती! मले! तिकडे स्वाहिलीत सगळे लेकरं आईले मामाच म्हणते ना. मले बी सगळे "मामा मोना"च म्हणत, मोनाची आई. ती आईले शोधून राहिली, अन् त्या बिचाऱ्याले वाटलं पोट्टी मामाच्या गावाले चालली! कोणते मामा, नाव काय मामाचं, विचारून राहिला असन तो, अन् ती काय सांगणार? मामा म्हणजे मामा...

साकोलीच्या शाळेची गाडी ते. दुपारी इथं चौकात पोट्टे उतरवते, मग लाखांदूर रोडनं पुढच्या खेड्याईले जाते. मोनानं पाहिली असन... कळलं का तुमाले? मी मागे गेली, ती मले पाहत फाटकाबाहेर गेली, मी दिसली नाही. अन् चौकात लेकराईची व्हॅन उभी. तिकडे अशाच व्हॅननं नर्सरीतून घरी येत होती ना ती? व्हॅनमधी बसलं की मामाजवळ पोहोचते, एवढंच माहीत तिले. बसली बिचारी. बसून राहिली. एकेक लेकरू उतरलं अन् हिची मामा आलीच नाही...

नंबर आहे का त्याच्यावर? गाडीवाल्याचं नाव? ... कैलाश. बरं. सांगा नंबर. थांबा, आईचा फोन घेते, तुमचा बंद नाही करणार मी. आई, द्या तुमचा फोन. द्या ना लवकर. हो, सांगा तुमी... हो... हो... फिरून सांगा शेवटचे... लागला.

घंटी जाऊन राहिली.

अजून जाऊन राहिली. काहून नाही उचलत तो? अवो, काहून नाही...

हॅलो! हॅलो, कैलाशभाऊ का? भाऊ, मी सानगडीहून बोलते, तुमच्या गाडीत माझी मुलगी... हो. हो भाऊ, पिवळं जॅकेट. मोना. मी आई आहे तिची. नाही, मामा नाही कोणी, मीच मामा... अवो भाऊ, ते नंतर सांगते तुमाले, आधी तिच्या कानाले लावा फोन. लावा ना हात जोडते.

...

मोना?

मोना बेटा... हो. हो, मामा. मामाच आहे. रडू नको. मामा इथंच आहे. कुठंच नाही गेली मामा, मागे आंगणात होती. हो बाळा. हो... दादाच्या गाडीतच बस. उतरू नको. दादा घरी आणून देते तुले.

अवो, ऐकू आलं का? नाही आलं? थांबा, दोन्ही फोन जवळ धरते. मोना, पप्पा आहे बघ. बोल पप्पासंग. पप्पा म्हण... 

...

आलं ऐकू? ... हो ना. तीच आहे. तिचाच आवाज आहे.

तुमाले जे सांगायचं ते नंतर. राहू द्या. ती बोलून राहिली, तुमी ऐका.

हं. कैलाशभाऊ? तुमी निघाले का? ... हो, चौकातच शुभांगी उभी राहीन, निळी स्कूटी. नाही, रागावत नाही कोणी तुमच्यावर. रागावलं तं मी आहे. या तुमी. हळू चालवा पण. लेकरू समोर बसवू नका.

ठेवला त्यांनी. येऊन राहिले.

नाही, मले अजून भरोसा नाही. दिसल्याशिवाय नाही. तुमी थांबा फोनवर.

बाबा आले. ओले झाले छातीपर्यंत. बाबा, भेटली. हो, खरंच भेटली. मी बोलली तिच्यासंग, ह्यांनी बी ऐकलं. शाळेच्या गाडीत बसून गेली होती... बसा, बाबा. थरथरून राहिले तुमी. आई, घोंगडी आणा.

जी, बाबा घोंगडी घेऊन बसले. मी देते नंतर फोन त्याईले.

काय विचारून राहिले?... आता नको ना ते. मिलचा मॅनेजर थांब म्हणते? अजून वर्षभर? अन् आमी काय करावं, परत यावं? ... नाही, रागावून नाही विचारत. मले खरंच नाही समजून राहिलं. तिकडे दर आठ दिवसाले मलेरिया व्हायचा तिले, तवा बी मी अशीच बसत होती रात्रंदिवस. इकडे हे. कुठं ठेवू मी तिले, सांगा. कुठं ठेवलं तं भीती नाही वाटणार?

तुमाले बी नाही माहीत. मले बी नाही माहीत. तं आज नका विचारू. आज मी जे सांगीन ते भीतीनं सांगीन.

हॉर्न वाजला.

आली! गाडीच घेऊन आला तो दारापर्यंत, मागून शुभांगी! थांबा, ठेवू नका, मी धावून राहिली...

मोना! ये. ये बाळा. ये... 

...

हो. आहे. आहे माझ्याजवळ. घेतलं मी कडेवर.

काही नाही लागलं तिले. चेहरा मळला आहे, नाकातून पाणी वाहून राहिलं. बाकी काही नाही. जॅकेट तसंच आहे. केसाले बिस्कीट लागलं आहे... कैलाशभाऊ, तुमी जाऊ नका, बसा. शुभांगी, पाणी दे भाऊले. बाबा हात जोडून राहिले जी त्यांच्यासमोर, अन् ते बाबाचे पाय पकडून राहिले. दोघं बी रडून राहिले. कोणी कोणाले समजवावं?

मोना, काय म्हणते बेटा? ...अवो, ती म्हणते, दादाची गाडी खराब आहे, मामाचं घरच नाही येत त्या गाडीत.

हो, तुमी हसा. मले नाही येऊन राहिलं हसू.

हो. हो, लावते तिच्या कानाले... नाही घेत फोन. मान लपवून राहिली माझ्या खांद्यात. नंतर बोलीन म्हणते. झोप येऊन राहिली तिले.

ऐका. तुमी या. सायकल नको, सामान नको, त्या मॅनेजरले काय सांगायचं ते सांगा, पण पहिल्या विमानानं या. मग तिघं बसून ठरवू कुठं राहायचं ते. फोनवर नाही ठरत हे माझ्यानं.

हो... हो जी. जेवून घ्या तुमी. नीमाची आई आली ना? तिच्या घरी जेवा आज, एकटे बसू नका.

नाही, आता ठेवतेच. एक हात फोनमधी अडकला आहे. दोन्ही हातानं धरू द्या मले तिले.